दहा तबकड्यांतले एक वर्ष

दिग्रसच्या आमच्या घरी आजोबांच्या कपाटात गीतरामायणाच्या दहा लाँगप्ले तबकड्या आहेत. रेकॉर्ड प्लेयरची सुई झिजलेली, आणि मोबाईलवर सगळे फुकट. तेव्हा संच विकून टाकावा, असे काकांचे म्हणणे. मला ते मुळीच पटत नाही.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत सुरू झाले. त्या वर्षी अधिक महिना आल्याने ५२ ऐवजी ५६ गीते झाली. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. गळे मात्र अनेक : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे... या तबकड्यांत सारी पात्रे एकटे फडकेच गातात. काहींना ही उणीव वाटते. मला तर कैकेयी आणि कौसल्या एकाच आवाजात ऐकताना शब्दांचे वजन कळले.

आठवडाभर वाट पाहणे तबकडीत उरले नाही, हे खरे. क्रम मात्र उरला. मोबाईलवर आम्ही थेट आवडत्या गीतावर उडी मारतो. तबकडीवर कैकेयीचा हट्ट चुकवायचा तर सुई उचलावी लागते, आणि ओरखड्याच्या भीतीने ती कोणी उचलत नसे!

यवतमाळला सुईची चौकशी केली आहे. काका अजून गिऱ्हाईक शोधताहेत.