भोर-वेल्ह्याहून अण्णांना

भोर, रविवार रात्र

ती. अण्णांस शि. सा. न.

पोचलो. फोन मधेच तुटला, म्हणून जेवण होताच लिहायला बसलोय. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत आपल्या पद्मिनी गाडीने कुरकुर केली नाही. शिरवळला चहाला थांबलो आणि परत चावी फिरवली, तर स्टार्टर जोरात फिरतोय, इंजिन काही धरत नाही. बघे म्हणाले, बॅटरी गेली. मी प्लगची वायर काढून पाहिली. ठिणगी निळी, कडक. म्हणजे कॉइल-कंडेन्सर ठीक. प्लग मात्र कोरडे, आणि पेट्रोल पंपाला हात लावू म्हटलं तर चटका. गाडी चालू असताना वारा लागतो. थांबली की इंजिनची सगळी धग बॉनेटखाली कोंडते, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच दाबत बसतो. तुमचाच उपाय केला. ओलं फडकं पंपावर, डिस्ट्रिब्युटरवर थेंब पडू न देता. थोड्या वेळात सुरू.

आत्याने वांग्याचं भरीत केलं होतं. आईच्या हातचं आठवून घास अडकला.

भोर, सोमवार

राजवाडा बाहेरूनच पाहिला, दिवस गॅरेजमध्ये गेला. ब्रेकचा आवाज तुम्ही म्हणालात तसा सकाळच्या दवाचा नाही. तो दोन-चार ब्रेकमध्ये जातो. हा हलका पाय ठेवला तरी पुढच्या डाव्या चाकातून कर्रर्र येतो. पहिला मिस्त्री न उघडताच चारही चाकांचं सामान बदला म्हणाला. संताप आला. दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींनी ड्रम उतरवला. आत काळी पूड साठलेली. हवा मारू दिली नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्यानेच पुसलं. एका शूचा लायनर टोकाला रिव्हेटपर्यंत झिजलेला, आणि रिव्हेटने ड्रमवर चरा पाडलेला. नख फिरवलं की अडकायचं. आणखी थोडे दिवस गेले असते तर ड्रमच बाद. केव्हाच बंद झालेल्या गाडीचे शू इथे कुठले मिळायला? मिस्त्रींनी जुन्याच शूंवर नवे लायनर रिव्हेट केले, ड्रम लेथवर फिरवून घेतले. दोन्ही पुढच्या चाकांचं केलं, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

पंपाचं मूळही त्यांनाच सापडलं. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाड फायबरची पॅकिंग हवी, ती धग अडवते. मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत तिथे नुसती कागदी बसवलेली. जाडी मनाने ठरवून चालत नाही, पंपाचा दट्टा कमी-जास्त होतो. म्हणून त्यांनी जुन्या पंपावरची मापाची शोधून दिली. रबरी नळीही बदलली. इथेनॉलच्या पेट्रोलाने ती फुगली होती.

वेल्हे, मंगळवार

नसरापूरवरून आलो. मार्गासनीला भर उन्हात मुद्दाम गाडी बंद करून थांबलो. पहिल्या चावीला सुरू! ब्रेकही गप्प. तोरणा समोर आहे, चढणार नाही. रात्री गार वारा सुटतो. मावशीने चुलीजवळ बसवून तांदळाची भाकरी आणि ठेचा वाढला. वाफाळती भाकरी हातात धरवत नव्हती. तीन खाल्ल्या.

अण्णा, दादाने गाडी विकायचा शब्द कुणाला दिला असेल तर आजच थांबवा. दोष गाडीत नव्हता, न बघता सामान बदलणाऱ्यांत होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात अशी पॅकिंग आहे का बघून ठेवा, पण शिडीवर तुम्ही चढू नका, बंड्याला चढवा. गुडघ्याला तेल लावता ना?

तुमचा
मोहन