बावीस रकाने, चौदा ओळी

पावसाळ्यात शनिवारी पुण्याहून निघून सावेडीला घरी पोचलो की चहाच्या आधी बाबांचं बुलेटिन असतं. "कोतूळला सहा हजार क्युसेक चाललंय." बस, एवढंच. बाहेर पाइपलाइन रोडवर ऊन आणि धूळ, पावसाचा टिपूस नाही, आणि आमचे बाबा खुशीत! कारण आमच्या नळाला येतं ते पाणी मुळा धरणाचं. मुळा उगम पावते हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, अकोले तालुक्यात कोतूळवरून खाली येते आणि राहुरीजवळ २६ टीएमसीच्या धरणात जाऊन थांबते. त्यामुळे सावेडीच्या आकाशाकडे बघून सावेडीच्या पाण्याचं काही कळत नाही. बाबा पेपरातला तो एक आकडा बघतात आणि वर्षाचा अंदाज बांधतात. मी एकदा त्यांना म्हटलं, बाबा, हे तुमचं एका व्हेरिएबलचं मॉडेल आहे. ते म्हणाले, "अरे, पेपरात एकच छापतात."

असो. नमनाला घडाभर तेल झालं. आज सांगायचंय ते बाबांबद्दल नाही, अप्पांबद्दल.

अप्पा म्हणजे माझे धाकटे काका. नगर तालुक्यात, घरापासून तासाभराच्या आत, त्यांची थोडी जमीन आणि एक सात परस खोल विहीर आहे. (परस म्हणजे साधारण एक पुरुषभर उंची. शहरात वाढलेल्यांसाठी टीप.) अप्पा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास विहिरीची पातळी कालनिर्णयच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहून ठेवतात आणि पुढे दर महिन्याला. जुनी कॅलेंडरं रद्दीत देत नाहीत, खुंटीला एकावर एक लटकवतात. २०१८ च्या गणपतीत मला तो गठ्ठा दिसला आणि माझ्यातला डेटावाला जागा झाला. २००४ ते २०१७, चौदा वर्षं! एवढा स्वच्छ डेटा मला ऑफिसात कुणी कधी दिला नव्हता.

प्रश्न सरळ होता. गावरान कांद्याला मार्चपर्यंत पाणी लागतं. दिवाळीला सांगता आलं पाहिजे की मार्चअखेर विहिरीत किती परस पाणी असेल, म्हणजे किती लागण करायची ते ठरेल. मी कामाला लागलो. महिन्यांचे पावसाचे आकडे, पावसाचे दिवस, एल निनोचा निर्देशांक, मुळा धरणाचा साठा, एप्रिलचं कमाल तापमान, पुण्याचा पाऊस, मिळेल ते. बावीस रकाने भरले. मॉडेल चालवलं. जुन्या चौदाच्या चौदा वर्षांवर चूक शून्य. अक्षरशः शून्य. दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसावी.

इथे तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत ते कपाळावर हात मारून घेतील. घ्या. चौदा समीकरणं आणि बावीस अज्ञात. आठवीतलं बीजगणित सांगतं की अशा वेळी एक सोडून अनंत उत्तरं मिळतात आणि प्रत्येक उत्तर जुन्या आकड्यांवर चपखल बसतं. बावीस रकान्यांमध्ये मी घरातल्यांच्या चपलांचे नंबर भरले असते तरी चूक शून्यच आली असती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी ज्युनियर पोरांना हेच शिकवायचो. पण ग्राफ फार सुंदर होता हो! त्यात मुळा धरणाच्या साठ्यापुढे वजाचं चिन्ह आलं होतं, म्हणजे धरणात पाणी जास्त तर विहिरीत कमी. ते दिसूनही मी मनात म्हटलं, असेल काहीतरी गुंतागुंतीचं.

त्या वर्षी परतीचा पाऊस झालाच नाही. ऑक्टोबरअखेर सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात नगर जिल्ह्यातले बरेच होते. अप्पा म्हणत होते अर्धा एकर लावतो. मॉडेल म्हणत होतं एक एकरापुरतं पाणी टिकेल, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या पावसाला त्याने भरमसाट वजन दिलं होतं. अप्पांनी लॅपटॉपवर तो ग्राफ पाहिला, चौदा वर्षं बरोबर आलेली पाहिली, आणि एक एकर लावला. फेब्रुवारीच्या मध्यावर विहीर तळाला गेली. अर्धा एकर उभा वाळला. रोप, मजुरी, खत, सगळं त्यात. अप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. काकू मात्र त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा चहा देताना म्हणाली, "यंदा विकतचा कांदा आणलाय बरं का." मला तो चहा अजून आठवतो.

त्यानंतर मी बरेच दिवस हेच वाचत बसलो. आपल्या मॉन्सूनच्या अंदाजाची गोष्ट जवळपास हीच आहे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

पुण्यात शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' आहे ना, ते हवामान खात्याचं. मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव. त्याआधी, १९०४ ते १९२४, या खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. हवामानाचा माणूस नव्हेच, केंब्रिजचा गणिती. बूमरँग कसं उडतं यावर काम केलेला! त्याने जगभरातले वायुदाबाचे, पावसाचे, बर्फाचे आकडे गोळा केले आणि कशाचा कशाशी संबंध लागतो ते हाताने, कारकुनांची फौज लावून, तपासलं. त्यातूनच 'सदर्न ऑसिलेशन' सापडलं, एल निनोचं दुसरं अंग. पण मला वॉकरचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. १९१४ साली त्याने लिहून ठेवलं की शंभर गोष्टी तपासून त्यातली सगळ्यात चांगली जुळणारी निवडली तर ती योगायोगानेही जुळलेली असू शकते, तेव्हा तिच्याकडून जास्त कडक पुरावा मागा. संगणक यायच्या कितीतरी आधी! मी २०१८ साली लॅपटॉप घेऊन ते विसरलो.

मग १९८८. वसंत गोवारीकर. पुण्यात जन्मलेले, कोल्हापुरात शिकलेले, अग्निबाणांच्या घन इंधनाचे तज्ज्ञ. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव असताना त्यांनी मॉन्सूनमध्ये लक्ष घातलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मॉडेलमध्ये सोळा घटक होते. एल निनो, हिमालयातलं बर्फ, युरेशियातलं बर्फ, ऑस्ट्रेलियात डार्विनचा वायुदाब, अर्जेंटिनाचा वायुदाब, वरच्या थरातले वारे, किमान तापमान वगैरे. प्रत्येक घटकाला एक गुणक आणि एक घातांक. म्हणजे बसवायचे बत्तीस आकडे, आणि बसवायला हाताशी जेमतेम तीस-चाळीस वर्षांचा पाऊस. माझ्याइतकी वाईट स्थिती नव्हती, पण जवळची.

आणि तरी १९८८ ते २००१ ते मॉडेल चाललं. किती वर्षं झाली? मोजा. चौदा. (माझ्या अंगावर काटा आला होता.) गंमत अशी की ती चौदाही वर्षं देशाच्या हिशोबाने 'सर्वसाधारण' किंवा त्याच्या वरची होती. त्या काळात दर वर्षी नुसतं 'यंदा पाऊस सर्वसाधारण' असं पाटीवर लिहून ठेवलं असतं तरी हुकलं नसतं. मॉडेलची परीक्षा झालीच नव्हती. ती २००२ ला झाली. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१. जुलै महिन्यात तर निम्माच.

गोवारीकरांना नावं ठेवायची पद्धत पडली होती मध्यंतरी, ती मला पटत नाही. मॉन्सूनचा अंदाज हा एकट्या एल निनोचा खेळ नाही, अनेक गोष्टी मिळून तो ठरतो, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. फक्त निसर्गात सोळा कारणं आहेत म्हणून तीस-चाळीस ओळींमधून सोळांचं वजन काढता येत नाही. आणि घटकांचे पावसाशी असलेले संबंधही दशकागणिक बदलतात, हे नंतर खात्यातल्याच लोकांनी दाखवलं.

२००२ सालीच टिमोथी डेलसोल आणि आपले जगदीश शुक्ला यांचा एक पेपर आला. त्यांनी साध्या रेषीय मॉडेल्सची सगळी जुळणी करून पाहिली, आणि न पाहिलेल्या वर्षांवर तपासलं तर एक-दोन घटकांची मॉडेल्स जास्त घटकांच्या मॉडेल्सपेक्षा सरस ठरत होती. पुढच्या वर्षी, २००३ ला, खात्याने आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेल्स आणली. २००७ ला पाच आणि सहा घटकांवर आले. तेही हुशारीने: पाच घटकांमधून होणाऱ्या सगळ्या ३१ जुळण्या करायच्या, त्यातल्या चांगल्या निवडून त्यांची सरासरी घ्यायची.

सोळाचे पाच झाले म्हणून सगळं आलबेल झालं का? कुठलं काय! २००४ ला अंदाज शंभरचा, पडला ८७. २००९ ला एप्रिलमध्ये ९६, जूनमध्ये सुधारून ९३, आणि प्रत्यक्षात ७८. २०२१ पासून जगभरच्या भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या अनेक मॉडेल्सचा एकत्र वापर सुरू झाला. घटक कमी केले की मॉडेल बरोबरच येतं असं नसतं, पण कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. सोळांच्या गर्दीत चोर सापडत नाही.

बोट ठेवून दाखवण्याचं सगळ्यात देखणं उदाहरण सुलोचना गाडगीळांचं. त्यांना १९९७ चं कोडं होतं. त्या वर्षी शतकातला जबरदस्त एल निनो, सगळे दुष्काळाची वाट बघत बसलेले, आणि पाऊस सरासरीपेक्षा थोडा जास्तच. आणि २००२ ला बेताचा एल निनो, तर दुष्काळ. २००४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॅसिफिकच्या निर्देशांकासोबत एकच दुसरा निर्देशांक धरा: विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर ढग पश्चिमेला दाटतात की पूर्वेला. कागदावर दोन अक्ष, प्रत्येक वर्ष एक टिंब. मधून एक रेघ मारली की भीषण दुष्काळांची वर्षं एका बाजूला, भरभरून पावसाची दुसऱ्या बाजूला. मी हा आलेख कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. माझ्या बावीस रकान्यांच्या ग्राफपेक्षा कितीतरी ओबडधोबड, टिंबं विखुरलेली. पण काहीतरी सांगणारा.

आता यंत्राकडूनच ही छाटणी करून घ्यायची रीत आहे. रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९६ साली 'लॅसो' मांडलं. ते समजायला तारकपूर स्टँडवर या. एसटीत कंडक्टर लगेजचं तिकीट मागतो, तसं इथे प्रत्येक घटकाच्या वजनावर भाडं आकारतात. ज्या बोचक्यातला माल भाड्याच्या किमतीचा नाही ते लोक खालीच ठेवतात. भाडं वाढवत नेलं की शेवटी हातात राहतं ते खरं गरजेचं. २०१६ ला ब्रंटन, प्रॉक्टर आणि कुट्झ यांनी याच विचाराने नुसत्या आकड्यांमधून समीकरणं शोधून दाखवली. लॉरेन्झच्या १९६३ च्या प्रसिद्ध गोंधळी हवेच्या मॉडेलचे आकडे दिले, शक्य असलेल्या पदांची मोठी यादी दिली, आणि छाटून छाटून मूळचीच सात पदं उरली. त्यांना आकडे हवे तितके होते, हे मात्र विसरायचं नाही.

मी माझ्या चौदा ओळींवर लॅसो लावलं. काय उरावं? एक वर्ष वगळलं की सप्टेंबरचा पाऊस उरायचा, दुसरं वगळलं की पावसाचे दिवस, तिसरं वगळलं की भलतंच. एकमेकांचे भाऊबंद असलेले रकाने, त्यातला कोण वर राहील ते नशिबावर. मी कंटाळून कॅलेंडरं परत चाळायला घेतली आणि तेव्हा पहिल्यांदा, होय, पहिल्यांदा, अप्पांना विचारलं की तुम्ही अर्धा एकर कशावरून म्हणत होतात?

"ओढा गणपतीतच आटला होता ना."

कॅलेंडरांवर ते सगळं होतं. 'ओढा आला.' 'ओढा आटला.' चौदाही वर्षं. मी पातळीचे आकडे उचलले आणि शब्द सोडून दिले, कारण शब्द रकान्यात बसत नाहीत. मधले दिवस मोजले, तेविसावा रकाना केला. मग कुठलंही वर्ष वगळा, ओढा जागचा हलत नव्हता. सोबत कधी सप्टेंबरचा पाऊस यायचा, कधी नाही. वगळलेल्या वर्षाचा अंदाज साधारण परसभराने चुकायचा. नीट विचार केला तर यात नवल काही नाही. पाऊस किती पडला, किती जोरात पडला, किती जमिनीत मुरला आणि किती वाहून गेला, याची बेरीज करूनच ओढा वाहतो. माझे दहा रकाने तो एकटा वाहून आणत होता.

हिवरे बाजार आमच्यापासून फार लांब नाही. तिथे वर्षानुवर्षं पाऊस मोजून, विहिरींची पातळी बघून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीत काय घ्यायचं ते ठरवतात. मी ते लहानपणापासून ऐकत आलोय, शाळेची सहलही गेली होती आमची तिथे. ते 'मॉडेल' आहे हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पायथनमध्ये नव्हतं ना! (दिवे घ्या.)

हल्ली दिवाळीत अप्पा फोन करतात. मी आकडा एकटा सांगत नाही, 'दोन ते चार परस' असं सांगतो. पहिल्या वेळी ते म्हणाले, "म्हणजे तुला नक्की माहीत नाही." म्हटलं, नाही. थोडा वेळ फोनवर नुसता गाईच्या घंटेचा आवाज. मग म्हणाले, "बरं, मग दोन धरून चालतो," आणि काकूला हाक मारली की कालनिर्णयजवळचं पेन पोरांनी कुठे नेलं ते बघ.