रजा मंजूर होईपर्यंत

आमच्या धाकटीचे लग्न एका सैन्याधिकाऱ्याशी ठरले, तेव्हा तारीख, हॉल आणि पाहुण्यांची यादी एवढे जमले की लग्न जमले, अशी आमची समजूत होती. ५ जानेवारी २००२ हा दिवस धरला. विवाहसंस्कार नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांसाठी दिलेल्या जमिनीवर १७९२ मध्ये तेथे पहिले चर्च उभे राहिले. शिपाईगड्याच्या लग्नाला याहून योग्य जागा कोणती, असे आम्ही भेटेल त्याला ऐकवीत होतो. डिसेंबरातील तीन रविवारी मिस्सामध्ये नावे पुकारली गेली. तिसरा रविवार १६ तारखेचा. त्याआधी तीनच दिवस संसदेवर हल्ला झाला होता. त्याच आठवड्यात फौजा सीमेकडे निघाल्या, ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले आणि होणाऱ्या जावयांचा फोन आला : "बाबा, रजा रद्द झाली. पुढची तारीख मला सांगता येत नाही."

अधिकाऱ्याला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि २० दिवसांची नैमित्तिक रजा असते, हे आम्ही पाठ करून ठेवले होते. ती हवी तेव्हा मिळेलच, असे मात्र कोणी लिहून दिलेले नसते. हॉलचे निम्मे पैसे बुडाले. आम्ही उभयता घरोघर जाऊन वाटलेली आमंत्रणे मागे घेत फिरलो. फेब्रुवारीत उपवासकाळ लागला. सहा महिन्यांहून जुना बाप्तिस्म्याचा दाखला चालत नाही, म्हणून तोही पुन्हा काढावा लागला. केकसाठी ऑक्टोबरात रममध्ये भिजवलेल्या बेदाण्यांची बरणी तेवढी कपाटात निश्चिंत होती. (रम अर्थातच जावयांनी कॅन्टीनमधून आणलेली.)

१४ मे रोजी जम्मूजवळ कालूचक येथे सैनिकांच्या कुटुंबवस्तीवर हल्ला झाला. बायका-मुले मारली गेली. युद्ध होणारच, असे सगळे बोलू लागले. त्या आठवड्यात धाकटी आम्हांला न सांगता फादरांकडे जाऊन आली. धर्मसभेच्या कायद्याच्या ११०५ व्या कलमाप्रमाणे गैरहजर वराच्या वतीने मुखत्यार उभा राहून विवाह लावता येतो. त्यासाठी वराचे सहीनिशी पत्र लागते, आणि बिशपांची परवानगीही. हे तिने रात्री जेवताना आम्हांला सांगितले. काही झालेच, तर तिला त्यांची पत्नी म्हणवून घ्यायचे होते. तिची आई ताटावरून उठून गेली.

तिने पत्र पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले : लग्नाला मी स्वतः येईन, मुखत्यार पाठवणार नाही. कारण त्यांनी लिहिले नव्हते, पण घरात ते सर्वांना कळले. आम्हांला सुटल्यासारखे वाटले आणि तसे वाटल्याची लाजही वाटली. धाकटी मात्र दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

१६ ऑक्टोबरला सैन्य मागे घेण्याची घोषणा झाली. २० दिवसांची रजा मंजूर झाली ती नोव्हेंबरात, आणि १ डिसेंबरला आगमनकाळ सुरू होत होता. लग्न गुरुवारी ठेवावे लागले. नातेवाइकांपैकी निम्मेच येऊ शकले. तलवारींच्या कमानीसाठी पलटणीतील मित्र येऊ शकत नव्हते, म्हणून पुण्यात नेमणुकीवर असलेले सहा अधिकारी उभे राहिले. त्यांतील दोघांना नवरदेव त्या दिवशी प्रथमच भेटत होते. तलवारी दाराबाहेरच उपसायच्या, आत नाही, एवढे फादरांनी बजावले होते.

त्या सहांपैकी एकाने केक कापायला आपली तलवार दिली. बेदाणे भिजून तेरा महिने झाले होते. पहिला घास घेऊन धाकटीला ठसका लागला, इतकी रम मुरली होती.