कुलपाआडची पुस्तकं

४ डिसेंबर २०२३, परतवाडा

मेळघाटातून उतरणारा वारा यंदा लवकरच बोचायला लागला. वाचनालयाचं दार आठला उघडतं, पण साडेसातपासून पायरीवर पोट्टे उभे असतात. दार उघडलं की खिडकीकडच्या खुर्च्या आधी जातात, कारण मोबाइल चार्जिंगचा बोर्ड तिथं आहे. मग भिंतीकडच्या भरतात. पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांच्या टेबलावर मात्र कोणी दप्तर ठेवत नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात.

माझी सेट परीक्षा ७ एप्रिलला आहे, विषय इतिहास. तासिका तत्त्वावरच्या नोकरीत सकाळचे दोन तास शिकवायचं, नंतरचा दिवस आपला. घर दोन खोल्यांचं. तिथं कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि येणारे-जाणारे. म्हणून इथं येते.

आज वाचता वाचता मान वर करून सगळी खोली पाहिली. प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचं पुस्तक किंवा झेरॉक्सचा गठ्ठा. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, राज्यसेवा. तीन भिंतींना लागून काचेची कपाटं, आत हजारो पुस्तकं, प्रत्येक कपाटाला कुलूप. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एकही कपाट उघडलं नाही. पोरं पुस्तकांच्या कुशीत बसून बाहेरून आणलेल्या नोट्स पाठ करतात. बसायला जागा मिळते, याचं मोल मोठंच आहे. पण ग्रंथालय एवढ्यासाठीच असतं का, हे या वहीत नीट लिहून पाहायचं आहे.

११ डिसेंबर

नेहमी पंख्याखाली बसणारा मुलगा खासगी अभ्यासिकेत गेला. महिन्याला आठशे रुपये. प्रत्येकाला लाकडी कप्पा, वायफाय, रात्री बारापर्यंत उघडं. रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “तिथं लाइन गेली तरी इन्व्हर्टर हाये, ताई. अन् बोलणं नाई कोणाचं.” त्याचं चुकत नाही. संत्र्याच्या बागेवर घर चालतं, बापानं दोन वर्षांची मुदत दिली आहे, एकेक तास त्याला मोजावा लागतो.

मी त्याच्यासोबत जाऊन पाहून आले. जागा स्वच्छ, उजेड चांगला. पुस्तक मात्र एकही नाही. अडलं तर विचारावं असं माणूसही नाही. आणि ज्याच्याकडे आठशे नाहीत त्यानं काय करायचं, याचं उत्तर सार्वजनिक वाचनालयाशिवाय दुसरीकडे कुठं नाही.

२० डिसेंबर, अमरावतीहून परत आल्यावर

आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. सकाळच्या एसटीनं विद्यापीठात गेले. आसेगाव, पूर्णेचा पूल, मग वलगाव. १९५६ साली याच दिवशी, अमरावतीकडे आणत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ताट मोडा आणि पोर शिकवा म्हणून गावोगाव कीर्तनात घसा कोरडा केला, त्यांचं नाव १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला पुढे दिलं गेलं. वलगाव मागं पडताना हे मनात येतंच.

तिकीट अर्धं. मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं, त्याचा हा उपयोग कोणी फारसा बोलून दाखवत नाही. बसमध्ये माझ्या मागं अचलपूरच्या दोन मुली होत्या, त्याही अमरावतीला अभ्यासालाच निघालेल्या. पूर्वी घरचे म्हणायचे, “कायले जातं रोज रोज पैसे मोडाले?” आता निदान ते वाक्य तरी ऐकावं लागत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव आहे. काटोलकडचा हा माणूस, डॉक्टर, वकील, आयपीएस, आयएएस, नोकरी सोडून १९८० साली आमदार. पदव्या विसाच्या आसपास, आणि घरच्या ग्रंथसंग्रहात पन्नास हजारांवर पुस्तकं होती असं सांगतात. २००४ मध्ये अपघातात गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. ग्रंथालयाला नाव द्यायचं तर असंच द्यावं.

ओळखपत्र दाखवलं, वहीत नोंद केली आणि कपाटांच्या रांगांमधून स्वतः फिरले. या फिरण्याबद्दलच आज लिहायचं आहे. मला हवं होतं १९११ चं अमरावती जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर, फिट्झगेराल्ड आणि नेल्सन यांचं. ते हाती लागलं. पण त्याच्याजवळच लायलचं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटिअर दिसलं. ते मी मागितलं नव्हतं, मागायचं मला सुचलंही नसतं. खिडकीतून चिठ्ठी देऊन पुस्तक मागवणाऱ्याला फक्त तेच मिळतं, जे त्याला आधीच माहीत असतं. शेजारचं पुस्तक त्याच्या वाट्याला येत नाही.

१९११ चा ग्रंथ छापला तेव्हा मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी शकुंतला रेल्वे अजून सुरू व्हायची होती, ती आली १९१३ ला. एलिचपूर, म्हणजे आमचं अचलपूर, हा वेगळा जिल्हाच होता आणि १९०५ मध्ये तो अमरावतीत मिळवला गेला. अचलपूर जिल्हा व्हावा म्हणून आमच्याकडे किती वर्षं मागणी चालू आहे, चौकात त्यावर रोज तावातावानं बोलणं होतं. त्या बोलण्यात ही तारीख मी तरी कधी ऐकली नाही.

३ जानेवारी २०२४

सावित्रीबाईंची जयंती. वाचनालयात फोटोला हार घातला, तीन मुली बोलल्या, छान बोलल्या.

मुलींच्या बसण्याविषयी थोडं. आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नसतं, असलं तर त्याला कुलूप असतं आणि चाबी कोणाकडे आहे ते कोणाला माहीत नसतं. मग मुलगी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही, किंवा दोन तासांत उठून घरी जाते. मुलगे दहा तास बसतात, मुली चार तास, आणि वर आपण म्हणतो की मुलींची चिकाटी कमी पडते. संध्याकाळी सहानंतर खेड्याकडची शेवटची गाडी चुकू नये म्हणून त्या निघतात, ते वेगळंच. अभ्यासाचे तास वाढवायचे असतील तर व्याख्यानमाला नंतर घ्या, आधी दार, कडी, पाणी आणि दिवा बघा. हे मी आज सभेत उभं राहून बोलले. टाळ्या पडल्या. कडी बसते का ते पाहायचं.

३० जानेवारी

सेमाडोहकडची एक कोरकू मुलगी आदिवासी वसतिगृहात राहते, रोज इथं येते. वनरक्षकाची लेखी झाली आहे, आता धावण्याची तयारी. मुलींना तीन किलोमीटर, मुलांना पाच. पहाटे मैदानावर धावते, मग आंघोळ करून दहाला इथं. पुढच्या भरत्यांचा अभ्यास आताच सुरू केला आहे. तिच्या गाइडमध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला दोन ओळी होत्या: १९७४, अमरावती जिल्हा. तिनं ते दोनदा पाठ करून खोडलं आणि मला विचारलं, “ताई, आमच्या जंगलावर याच्यापेक्षा जास्त कुठं लिहिलंय का?”

तिच्या पाठीमागच्या कपाटात, हात लांब केला तर काचेला लागेल इतक्या जवळ, मारुती चितमपल्लींची पुस्तकं होती. ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘चकवाचांदण’. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक राहिलेला माणूस. कितीतरी महिने ती त्यांच्याकडे पाठ करून बसत होती.

ग्रंथपाल काकाजींना म्हटलं, हे कपाट उघडा. ते खरोखर दचकले. “उघडतो नं. मांगतलं तं मी नाई म्हणतो का? मांगतच नाई कोणी!” खणातून चाब्यांचा जुडगा काढला, तिसरी चाबी लागली. दार ओढताच डांबरगोळ्यांचा वास आला. त्यांनी फडक्यानं पुस्तक पुसलं, मागचं तारीखपत्रक उघडलं. जांभळ्या शिक्क्यांची एक रांग, वरच्या तारखा दाट, दर पंधरा-वीस दिवसांनी एक. खाली येता येता शिक्के विरळ होत गेले होते आणि अर्ध्या पानावर थांबले होते. शेवटची तारीख होती २००९ ची.

मुलगी ते पुस्तक उभ्यानंच वाचायला लागली. एका पानावर थांबून म्हणाली, “हे झाड आमच्या शेताच्या धुऱ्यावर हाये.” आणि मग त्या झाडाचा मोहर, डिंक, औषध, कोणत्या महिन्यात काय मिळतं, ते तिनं आम्हालाच सांगितलं. काकाजी खुर्ची ओढून ऐकत बसले.

३१ जानेवारी

रात्री पुन्हा विचार केला. “मांगतच नाई कोणी” हे काकाजींचं म्हणणं खरं आहे. पण काचेआड, कुलपाआड, सूचीशिवाय ठेवलेलं पुस्तक मागायचं कसं? सूचीची लाकडी पेटी आहे, तिच्यावर झेंडूच्या कुंड्या ठेवल्या आहेत. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, पुस्तक वापरासाठी असतं हा त्यातला पहिलाच. कपाटं वाचकांना खुली असावीत यासाठी त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. त्याच्याही आधी, १९१० साली, सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि खेड्यापाड्यांत वाचनालयं उभी केली. म्हणजे ही नवी मागणी मुळीच नाही.

१८ फेब्रुवारी

काकाजींशी सविस्तर बोलले. कुलूप का, तर पुस्तक हरवलं की तपासणीत त्यांना जाब द्यावा लागतो. दाखलनोंद वहीत पुस्तक आहे आणि कपाटात नाही, म्हणजे दोष ग्रंथपालाचा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं, अ, ब, क, ड असे वर्ग झाले, आणि हे महाराष्ट्राचं मोठंच काम आहे. पण हप्त्याची वाट बघत तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसानं पुस्तक हरवण्याची जोखीम कोणत्या जीवावर घ्यायची? कुलूप त्याच्या आडमुठेपणाचं नाही, भीतीचं आहे. ती भीती काढायची तर संचालक मंडळानं ठराव करून वर्षाकाठी काही पुस्तकं गहाळ होणार हे धरून चाललं पाहिजे. हरवलेल्या पुस्तकाची किंमत पाच-पन्नास माणसांनी वाचलेल्या पुस्तकाहून जास्त नसते.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठ होणार, यावर आज सगळीकडे बोलणं. म्हाइंभटानं ‘लीळाचरित्र’ लिहिलं त्या गावी ते व्हावं, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच्या ग्रंथालयात शिरताना शेंदूरजना, चांदूर बाजार, परतवाड्याच्या पोरांना कपाटापर्यंत जाता येऊ दे, एवढंच मागणं.

काकाजींनी आज स्वतःहून इतिहासाचं कपाट उघडून ठेवलं. यादव माधव काळ्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ मिळाला, १९२४ चा, कसरीनं कडा खाल्लेला. मी अभ्यासासाठी पुणे-दिल्लीच्या पुस्तकांतून दुसरं इंग्रज-मराठे युद्ध घोकत होते. २९ नोव्हेंबर १८०३ अडगाव, १५ डिसेंबर गाविलगड, १७ डिसेंबर देवगावचा तह. तेल्हाऱ्याजवळचं अडगाव, चिखलदऱ्याचा किल्ला आणि एलिचपूरजवळचं देवगाव. एकोणीस दिवसांत नागपूरकर भोसल्यांच्या हातून पश्चिम वऱ्हाड गेलं, आणि तिन्ही जागा माझ्या खुर्चीपासून एका दिवसात पाहून येण्यासारख्या. गाविलगडावर सहलीला गेलेल्या प्रत्येकाला तिथली हवा आठवते. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफा कोणत्या बाजूनं चढवल्या ते आठवणारा मला अजून भेटायचा आहे.

२६ मार्च

खोली अर्धी रिकामी. मेळघाटातली पोरं होळीला वर गेली, ती पाच-सहा दिवस येत नाहीत. ऊन तापलं. कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी लावली आहे, आज माझी होती.

८ एप्रिल

काल अमरावतीला सेट झाली. पहिला पेपर पन्नास प्रश्नांचा, दुसरा शंभर, सलग तीन तास. आमच्या वऱ्हाडच्याच इमादशाहीवर आलेला प्रश्न पाहून हसू आलं. आज नेहमीच्या वेळी वाचनालयात आले. बाकीच्यांच्या परीक्षा अजून व्हायच्या आहेत.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. सकाळी सहा ते रात्री बारा, अठरा तास अभ्यास. महाराष्ट्रातल्या किती विद्यापीठांत, महाविद्यालयांत, वस्त्यांवरच्या विहारांत हे अभिवादन होतं! मला यापेक्षा चांगली जयंती माहीत नाही. यंदा आमच्या वाचनालयानंही दार उघडं ठेवलं.

पोटात अन्न नसताना ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसणारे बाबासाहेब सगळ्यांना ठाऊक आहेत. आज मी पोरांना त्याच्या पुढचं सांगितलं. ते तिथं रिकाम्या जागेसाठी जात नव्हते. त्यांना हवे होते ते जुने अहवाल, कंपनी सरकारची कागदपत्रं, जी विकत घेणं कोणाच्याच आवाक्यात नव्हतं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्यातूनच उभा राहिला. १९१३ ला त्यांना न्यूयॉर्कला पाठवणारी शिष्यवृत्तीही बडोद्याचीच, ज्या बडोद्यानं खेड्यांत वाचनालयं नेली.

दुपारी ऊन त्रेचाळीसवर. दोनदा लाइन गेली. रात्री नऊनंतर मुलींना न्यायला त्यांच्या घरची माणसं आली, त्यातले तीन बाप आत येऊन बसले. एकानं कपाटातून तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ काढली आणि मुलगी उठेस्तोवर वाचली. काकाजींनी नोंद केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, “बसूनच वाचते नं, मंग कायले लिहू?”

२९ एप्रिल

लोकसभेचं मतदान होऊन तीन दिवस झाले, मंडळाची बैठक आज झाली. दोन कपाटं जूनअखेरपर्यंत खुली ठेवायला मंजुरी: वऱ्हाडचा इतिहास-भूगोल आणि निसर्ग. अटी अशा: दप्तर दाराशी ठेवायचं, काढलेलं पुस्तक परत खणात न लावता टेबलावर ठेवायचं, संध्याकाळी काकाजी लावतील. टेबलावर रोज किती पुस्तकं जमतात ते वहीत लिहायचं, म्हणजे जुलैच्या बैठकीत दाखवायला काहीतरी असेल. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसली, चाबी खिळ्याला लटकते. दिवा अजून नाही.

कोरकू मुलगी धावण्यात पास झाली. तिनं खणांवर चिकटवायच्या पट्ट्या मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. उद्या डिंक आणायचा आणि झेंडूच्या कुंड्या सूचीच्या पेटीवरून व्हरांड्यात हलवायच्या.