रिपोर्ट नॉर्मल आहे, धाप खोटी नाही

ती. आत्यास,


एकादशीला नारायणगड चढताना तू तीनदा थांबलीस. दगडावर टेकून "व्हा तुम्ही पुढं" म्हणालीस. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी तू, या धाकट्या पंढरीच्या वाटेवर बसलीस, हे माझ्या मनातून जात नाही.

आणि आता घरचे म्हणतात, "फुंकायच्या तपासणीत काही निघालं नाही, मनाचंच आहे." आत्या, हे मला मान्य नाही.

तुझा कागद मी नीट वाचला. छाती भरून घेतलेला श्वास तू जोर लावून सोडलास, तो 2.1 लिटर भरला. तुझ्या वयाच्या, उंचीच्या बाईच्या मानानं 92 टक्के. त्यातला 1.65 लिटर पहिल्याच सेकंदात बाहेर पडला, म्हणजे 79 टक्के. औषधाचा वाफारा दिल्यावरही हा आकडा 70 च्या खाली राहिला असता, तर नळ्या अरुंद झाल्यात असं डॉक्टर म्हणाले असते. ती भीती मलाही होती. विडी न ओढणाऱ्यांनाही चुलीच्या धुरानं हा आजार जडतो, पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये यावरच लिहिलं आहे. तुझी तर सारी उमर ऊसतोडीच्या कोपीतल्या धुरात गेली.

पण ही तपासणी भाता आणि नळ्या बघते, तेवढंच. आत आलेली हवा रक्तात उतरते का, ते ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी असते, डीएलसीओ म्हणतात तिला. किंचितसा गॅस मिसळलेली हवा ओढून दहाएक सेकंद श्वास धरायचा. फुप्फुसाच्या पडद्याला जाडी येत असली किंवा त्यातल्या रक्तवाहिन्या बिघडल्या असल्या, तर फुंकण्याचे आकडे चांगले असूनही इथला आकडा घसरू शकतो. दम्याचंही तसंच, दोन झटक्यांच्या मधे रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो.

त्याआधी मात्र साधं रक्त तपासू. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर चढणीवर दम लागू शकतो, आणि डीएलसीओचा आकडाही त्यानंच उतरतो. मग हृदयाची इको.

रविवारी मी गाडी घेऊन येतो. जुने सगळे कागद पिशवीत घालून ठेव. तोवर पाय सुजले, छातीत दुखलं, आडवं पडल्यावर गुदमरलं किंवा ओठ निळे दिसले, तर माझी वाट न बघता त्याच घटकेला दवाखाना गाठ.

तुझा भाचा