त्यांचा माणूस

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली म्हणजे गावोगावच्या पारांवर बेरजा सुरू होतात. आमचे देवळाली प्रवरा तरी त्याला अपवाद कसे असणार? अमक्या आळीत अमक्यांची घरे किती, हे ज्यांना तोंडपाठ ते त्या दिवसांत मोठे पंडित ठरतात. अशा बैठकीत एखाद्या होतकरू मुसलमान तरुणाचे नाव निघाले की कोणीतरी समजूतदारपणे म्हणतो, "मुलगा बरा आहे. त्यांचाही एक माणूस हवाच." बोलणाऱ्याच्या मनात किल्मिष नसते, उलट आपण औदार्यच दाखविले, असे त्याला वाटते. मला मात्र तो 'त्यांचा' शब्द बोचतो. पाण्याची टाकी रिकामी राहिली तर साऱ्या गावाचे नळ कोरडे पडतात. मग त्या पाण्यासाठी झटणारा तेवढा 'त्यांचा' कसा?

माझ्या ओळखीचा असाच एक मुलगा मला एकदा म्हणाला, "काका, आमच्या आळीचे गाऱ्हाणे मांडले तर लोक म्हणतात, हा आपल्यापुरतेच पाहतो, आणि गावाचे मांडले तर म्हणतात, याला काय करायचंय?" या कोंडीत सापडलेला तरुण एक तर घरी बसतो, नाही तर लोक म्हणतात तसाच होऊन जातो. दोहोंतही तोटा गावाचाच.

अशा वेळी मला युसुफ मेहेरअलींचे स्मरण होते. 1928 साली सायमन कमिशन मुंबईस आले, तेव्हा निदर्शनांत अग्रभागी असलेले मेहेरअली अवघे 24 वर्षांचे होते. 'सायमन, परत जा' ही घोषणा त्यांचीच, असे मानतात. त्या घोषणेत कोणा एका समाजाचे मागणे नव्हते. साऱ्या शहराच्या मनातले त्यांनी बोलून दाखविले. 1942 साली मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, त्या वेळी ते लाहोरच्या तुरुंगात होते. निवडून आले तेव्हा वय 38. त्या खुर्चीवर तोवर इतका तरुण महापौर बसला नव्हता.

दुसरे नाव आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणाशीच निगडित आहे. मौलाना अबुल कलाम आझाद 1888 साली मक्केत जन्मले. त्यांची आई अरब होती. 1912 साली कलकत्त्यात त्यांनी 'अल्-हिलाल' साप्ताहिक काढले, ते वयाच्या 23 व्या वर्षी. आणि 1923 साली दिल्लीच्या खास अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांची पस्तिशीही उलटली नव्हती. 1942 च्या ऑगस्टात त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पुढल्याच वर्षी पत्नी तिकडे मृत्युशय्येवर असता सरकारपाशी सुटकेची याचना करण्याचे त्यांनी नाकारले. स्वातंत्र्यानंतर हेच आझाद देशाचे शिक्षणमंत्री झाले. 1951 साली खरगपूरच्या तंत्रशिक्षणसंस्थेचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. तेथे शिकून गेलेल्या हजारो मुलांपैकी कोणाला ती संस्था 'त्यांची' वाटली असेल काय?

आपल्या धर्माचा विसर पडावा लागत नाही, आपल्या आळीलाही पाठमोरे व्हावे लागत नाही. तिच्या तुंबलेल्या गटाराचे गाऱ्हाणे हेही गावाचेच गाऱ्हाणे असते. हे त्या मुलाला मी सांगितले. परंतु त्याला सांगणे सोपे. सांगायला हवे ते पारावरच्या मंडळींना. कायद्याने 21 वर्षे पूर्ण झालेल्या मतदाराला नगरपालिकेसाठी उभे राहता येते, आणि त्या कायद्यात 'त्यांचा' नि 'आपला' असा भेद नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत त्याचे नाव निघाले, तर घरांची बेरीज बाजूस ठेवून एवढेच विचारावे, "पाण्याचे याला काय कळते?" त्याला कळत असेल, तर तो आपला माणूस.