राक्षसिणीची चक्की

लहानपणी नाथमाधवांचं ‘वीरधवल’ मी तीनदा वाचलं. मग मुलांसाठी गोष्ट लिहायला बसलो, की आधी तलवारच निघायची. आमच्या किन्हीराजा गावात लाईन गेली की ओसरीवर नात आणि शेजारची पोरं जमतात. एकदा त्यांना सात मुंडक्यांच्या राक्षसिणीची लढाई वाचून दाखवली. चौथं मुंडकं उडेस्तोवर दोघं झोपलेही. नात तेवढी जागी. म्हणाली, “आबा, सात तोंडं हायेत, तं तिले भाकरी किती लागत असतीन?”

लढाई तिथंच राहिली. त्या भाकरीच्या हिशेबातून पुढं एक अख्खं गाव उभं राहिलं. राक्षसीण आता तिथं चक्की चालवते. पिंपळावरचा मुंजा दयन घेऊन येतो. तो दिसत नाही, त्याचा डबा दिसतो, म्हणून नंबरावरून रोज कटकट.

असं लिहिताना मी एक पथ्य पाळतो. सूट एकदाच घ्यायची. सात मुंडकी मान्य, मुंजाही मान्य. पण ज्वारीवर लगेच गहू टाकला तर पोळीला ज्वारी लागणारच, चक्की राक्षसिणीची असली म्हणून काय झालं? तिथं जादूनं पीठ पांढरं केलं, की गोष्ट मेली.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आई श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगायची. राजाच्या हुकमानं नगरातलं सगळं दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरत नाही. म्हातारीच्या खुलभर दुधानं भरतो. चमत्कार मोठा खराच, पण मला आधीपासून ओढ त्याच्या अलीकडच्या गोष्टीची. म्हातारी आधी घरचं काम उरकते, मुलांना, वासरांना दूध पाजते, मगच देवळाची वाट धरते. आटपाट नगराला ना तालुका ना जिल्हा, तरी वासरू तिथंही भुकेलंच. आमच्याच मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती अधांतरी असल्याचं भाविक सांगतात. तिथून परतलेली माणसं मूर्तीबद्दल बोलतात आणि लगेच गाडीत जागा मिळाली की नाही, तेही सांगतात. दोन्ही एकाच दमात.

बाहेरही हेच चाललंय. एइको कादोनो या जपानी लेखिकेची किकी ही चेटकीण १९८५ साली पुस्तकात आली; ती झाडूवर बसून लोकांची पार्सलं पोचवते. कादोनोबाईंना २०१८ साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाच्या २०२२ च्या ‘लेजंड्स अँड लाटेज’मध्ये तर लढायांना कंटाळलेली एक धिप्पाड ऑर्क बाई तलवार भिंतीला टांगून कॉफीचं दुकान काढते. भाच्यानं हे फोनवर दाखवलं तेव्हा आमच्या राक्षसिणीला परदेशात बहीण सापडल्यासारखं वाटलं.

अशा गोष्टींना पळवाट म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पळूनच जायचं, तर माणूस चक्कीच्या रांगेत कशाला जाऊन उभा राहील? आपलंच काम दुसऱ्याच्या गावात चाललेलं बघायला मजा येते, एवढंच. आणि हो, त्या गावात सोयाबीनचा भाव विचारायला कुणी येत नाही.

परवा गोष्ट अडली होती. चक्कीच्या दगडांना टाकी लावली, की पहिल्या पिठात कच येते. ते दयन कुणाचं टाकायचं? मुंजा मागं सरला, सगळेच सरले. दोन दिवस मी अडकलो. मग राक्षसिणीनं आपलीच ज्वारी आधी टाकली. कच तिच्या दाताला आवडते. सातही तोंडं कुरूमकुरूम खातात.

पोरं हसली. नात मात्र हसली नाही.

“टाकी काही रोज लावत नाहीत आबा,” ती म्हणाली. “मंग बाकीच्या दिवशी काय खाते ते?”

मी वही पुन्हा उघडली.